बेतानेरावचं कपाळ

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, औषधाच्या दुकानाला लागून, तीन खुर्च्यांचं एक सलून आहे. मालक स्वतः मधल्या खुर्चीपाशी उभा राहून केस कापतो. त्याला सगळे बेतानेराव म्हणतात. हे काही त्याचं आडनाव नाही. गिऱ्हाईक "अगदी बारीक करा" म्हणो की "नुसते वरवर घ्या" म्हणो, हा मान डोलावून एकच उत्तर देतो, "बेतानं घेऊ." वर्षानुवर्षं तेच ऐकून कुणीतरी त्याचा बेतानेराव केला आणि ते नाव चिकटलं. मी वयाने मोठा, म्हणून त्याला अरे-तुरे करतो. तो मला काका म्हणतो.

मी मोजणी खात्यातून निवृत्त झालो. आयुष्यभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजल्या आणि त्यावरून होणारी भांडणं ऐकली. आता महिन्यातून एकदा केस कापायला आणि आठवड्यातून तीनदा पेपर वाचायला त्याच्याकडे जातो. माझ्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं उरलेलं नाही. तो कात्री बराच वेळ हवेतच चालवतो, माझं मन राखायला. असा माणूस आहे तो.

त्याचे स्वतःचे केस सव्विसाव्या वर्षापासून जायला लागले. आधी कपाळाचे दोन्ही कोपरे गेले, मग टाळू, आणि तिशी उलटता उलटता वरचं सगळं मैदान साफ. दुसऱ्या धंद्यात हे खपून जातं. याच्या दुकानात मात्र समोर आरसा आणि पाठीमागेही आरसा. एकाची दुसऱ्यात, दुसऱ्याची तिसऱ्यात अशी छबी पार आत आत जाते. "एका टकलाची पन्नास टकलं दिसायची, काका," तो म्हणायचा. "दिवसातून दहा तास." नवं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी याच्या डोक्याकडे बघायचं, मग पटकन दुसरीकडे. गिऱ्हाइकाच्या त्या पटकन नजर वळवण्याचं त्याला फार लागायचं. वरून तो स्वतःच विनोद करायचा, "माझा माल सगळा तुमच्यासाठी काढून ठेवलाय!" लोक हसायचे. तोही हसायचा.

पस्तिसाव्या वर्षी त्याने कुणाला न सांगता केसांचं ट्रान्सप्लांट करून घेतलं. बायकोला सांगितलं की नव्या कात्र्या आणायला चाललोय, दोन दिवस लागतील. गेला तो एका दवाखान्यात. तिथे चकचकीत फरशी होती, भिंतीभर हसऱ्या माणसांचे फोटो होते. टेबलामागे बसलेल्या टायवाल्याने पेन्सिल पुढे करून विचारलं, "केसांची रेघ कुठून हवी?"

याने आरशात बघून भुवयांच्या वर तीन बोटांवर बोट ठेवलं. "इथून. अठराव्या वर्षी होती तिथून. आणि सरळ हवी."

"दाट हवेत?"

"जितके बसतील तितके बसवा."

हे त्यानेच मला नंतर सांगितलं. स्वतःवरच हसत म्हणाला, "काका, दुसऱ्याच्या डोक्यावर माझा हात कधी घसरला नाही. स्वतःच्या डोक्याची पाळी आली आणि अक्कल गहाण ठेवली मी."

दोन दिवसांनी तो डोक्याला पट्टी बांधून घरी आला. सोबत एकही कात्री नव्हती. त्याची बायको पलीकडच्या रस्त्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. विजार आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं असं शिवणं की शिवलंय हे कळू नये. तिने पट्टी बघितली, हकिगत ऐकली आणि आठवडाभर तोंडातून शब्द काढला नाही. ती बोलते तेव्हा निभावतं. गप्प झाली की याचा जीव अर्धा होतो.

वर्षभराने केस उगवले. चांगले जाड उगवले. उगवले नाहीत म्हणून तक्रार करायलाही जागा नव्हती. पण कसे? कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत फूटपट्टी लावून आखल्यासारखी ओळ. एकेका भोकातून तीन-तीन, चार-चार केसांचा झुपका. दोन झुपक्यांमध्ये पांढरी कातडी. आणि सगळे केस सरळ वर उभे, दाराबाहेरच्या पायपुसण्यासारखे. त्या ओळीच्या मागे पुन्हा मैदानच, कारण सगळा माल पुढच्या कुंपणालाच खर्च झाला होता. डोक्याच्या मागून मुळं काढतानाही त्यांनी कसलाच विचार केला नव्हता. मागची बाजू कसर लागलेल्या लोकरीसारखी दिसत होती.

बायको एकदाच बोलली. "मी टकल्याशी लग्न केलं होतं," ती म्हणाली, "ब्रशाशी नाही." मग जिभेवर ताबा न राहिल्याचं वाईट वाटून तिने त्याला चहा करून दिला.

तरी तो तग धरून होता. एका सकाळी एक गृहस्थ चार वर्षांच्या लेकीला घेऊन आले. बापाचे केस कापून होईपर्यंत ती बाकावर बसून बेतानेरावच्या कपाळाकडे टक लावून बघत होती. मग मोठ्या आनंदाने म्हणाली, "बाबा, माझ्या बाहुलीचे केस पण असेच भोकाभोकातून येतात!" बाप लाजून लालबुंद झाला. मी पेपरमध्ये तोंड घातलं. बेतानेरावने मुलीला चघळायची गोड गोळी दिली, बापाच्या मानेवरचे केस झटकले, नेहमीसारखं "या पुन्हा" म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो टोपी घालून दुकानात उभा राहू लागला. ऐन उन्हाळ्यात, पंख्याखाली, कानावरून घाम गळतोय आणि डोक्यावर लोकरी टोपी. विनोद बंद झाले. असं जवळजवळ चार वर्षं चाललं.

शेजारच्या औषधवाल्याने त्याला पहिली वाट दाखवली. त्याच्याकडे एक बाई मलम घ्यायला यायच्या. लहानपणी भाजल्यामुळे त्यांची एक भुवई अर्धी गेली होती. एक दिवस त्या आल्या आणि औषधवाल्याला त्यांची भुवई सापडेना, म्हणजे कुठली खरी आणि कुठली लावलेली ते कळेना. त्याने डॉक्टरांचं नाव विचारून घेतलं, कागदावर पत्ता लिहिला आणि तो कागद नेऊन बेतानेरावच्या खिशात कोंबला. "मी काही बोलत नाही," म्हणाला, "तू फक्त जाऊन ये." या वेळी बेतानेराव बायकोला घेऊन गेला.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. बुटक्या, चष्मा कपाळावर ढकललेला, बोलणं तुटक. दवाखाना जुना, खोल्या दोनच, भिंतीवर एकही फोटो नाही. त्यांनी टोपी काढायला सांगितली. दिवा जवळ ओढून पुढून, मागून, कानामागून डोकं नीट बघितलं. बोटाने केसांची घनता चाचपली. मग समोर बसल्या.

"ही रेघ कुणी ठरवली?"

बेतानेरावने बायकोकडे बघितलं. "मी," तो म्हणाला. "बोट ठेवून दाखवली."

"खरं सांगणारे तुम्ही पहिलेच," डॉक्टर म्हणाल्या. "बाकी सगळे आधीच्या डॉक्टरला शिव्या देतात. अर्थात तुम्ही मागितलं म्हणून त्यांनी द्यायला नको होतं. धंदा काय करता?"

"केस कापतो."

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला आणि त्याच्याकडे नव्याने बघितलं. "आणि तरी?"

"आणि तरी," बेतानेराव म्हणाला. बायकोने खाली मान घालून पदर... नाही, पदर कुठला, तिने पर्सची चेन उघडली आणि बंद केली. हा तपशील त्याच्या पक्का लक्षात आहे.

मग डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं. डोक्याच्या मागचे आणि कानांवरचे केस सहसा जन्मभर टिकतात. तिथून मुळासकट एकेक काढून पुढे लावता येतात. पण काढला तिथला तो गेला. ती काही विहीर नाही, रात्रीतून पुन्हा भरायला. त्याच्या मागच्या साठ्यापैकी निम्मा आधीच उधळला गेला होता. उरलेल्यात पुढची रेघ, मधला भाग आणि टाळू असं सगळं भागवणं अवघड. "मी नाही म्हणत नाही," त्या म्हणाल्या, "पण आज होही म्हणणार नाही. तुम्ही एक काम करा. आठवडाभर तुमच्या वयाच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं कपाळ नीट बघा. केस ओले करा, मागे घ्या आणि बघा. मग या आणि मला सांगा, माणसाच्या कपाळावर केस कुठे आणि कसे सुरू होतात."

तो आठवडा मी डोळ्यांनी बघितला. चाळिशीच्या आसपासचा कुणीही खुर्चीत बसला की बेतानेराव पाण्याचा फवारा मारून त्याचे केस मागे घ्यायचा आणि नाकाला नाक लागेल इतका खाली वाकायचा. एका बँकेतल्या साहेबांनी घाबरून विचारलं, "काही झालंय का मला?" "नाही नाही, फार छान आहे," हा म्हणाला, "डावीकडचा कोपरा तर बघत राहावा असा आहे." साहेब बुचकळ्यात पडले, पण खूश होऊन गेले. जाताना आणखी एकदा आरशात डोकावले. संध्याकाळी दुकान रिकामं झालं की तो माझ्या शेजारी बसून बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर कपाळं काढायचा.

"काका," त्याने एकदा विचारलं, "तुमच्या मोजणीत हद्द सरळ असते का हो?"

"कागदावर असते," मी म्हणालो. "जागेवर जाऊन बघ. कुठे ओढा आडवा येतो, कुठे मोठा दगड, कुठे कुणाच्या आजोबांनी लावलेलं झाड. सरळ हद्द दिसली की आम्ही ओळखायचो, ही अलीकडे कुणीतरी बसून आखलेली आहे."

त्याने कागदावरची एक ओळ पुन्हा गिरवली. मग कागद माझ्यापुढे सरकवला. "हेच बघा. चाळीस डोकी झाली. एकाचीही डावी-उजवी बाजू सारखी नाही. कोपरे सगळ्यांचे मागे सरलेले, अगदी दाट केसवाल्यांचेसुद्धा. आणि हे बघा, सगळ्यात पुढे एकेकटे, बारीक, मऊ केस. ओळीत नाहीत, इकडे-तिकडे. दोन-तीन तर ओळ सोडून पार बाहेर उभे. त्यांच्या मागे जोडीजोडीने, आणि त्याच्याही मागे दाट. पुढचे केस उभे नसतातच काका, झोपलेले असतात. कानशिलापाशी तर खाली वळतात. हे सगळं माझ्या बोटांना वीस वर्षं माहीत आहे. याच्यावरच तर पोट भरतो मी. मग त्या दिवशी मला कसं नाही आठवलं?"

 आपल्याला हवं ते मागताना माणूस आपलं कसब घरी ठेवून जातो, एवढंच मनात आलं आणि मनातच राहिलं.

तो कागदांचा गठ्ठा घेऊन डॉक्टरांकडे गेला. त्यांनी एकेक कागद शांतपणे बघितला. मग त्याला आरशासमोर बसवलं आणि कातडीवर लिहायची पेन्सिल त्याच्याच हातात दिली. "काढा."

त्याने काढली. बघितली, पुसली, अर्ध्या बोटाने वर नेऊन पुन्हा काढली. कोपरे आत घेतले.

"आणखी वर?" डॉक्टरांनी विचारलं. "बहुतेक लोक मला खाली खाली ओढायला लावतात."

"मी साठीचा होईन तेव्हाही ही माझ्या तोंडाला शोभली पाहिजे," तो म्हणाला. "आणि वर घेतली की कमी केसांत भागेल. उरलेले मागे कामाला येतील."

डॉक्टरांनी पेन्सिल परत घेतली, त्याच्या ओळीत दोन ठिकाणी बारीकशी नागमोड केली आणि डावीकडे एक छोटी खाच ठेवली. "आता हो म्हणते," त्या म्हणाल्या.

काम दोन टप्प्यांत झालं. आधी जुनं निस्तरणं. कपाळावरचे ते झुपके पोकळ सुईसारख्या बारीक हत्याराने एकेक करून उचलले, भिंगाखाली धरून सोडवले आणि त्यातले जगण्यासारखे मागच्या बाजूला लावले. कपाळ भरून यायला चार महिने दिले. त्या चार महिन्यांत तो पूर्ण टकला होता आणि कपाळावर बारीक बारीक खुणा, तरी त्याने टोपी काढून फेकली. "हे माझं खरं आहे," म्हणाला. बायको त्या दिवशी दुकानात येऊन सगळ्यांसमोर त्याच्या टकलावर टपली मारून गेली. फार दिवसांनी त्या घरात असं काही झालं होतं.

दुसरा टप्पा लांबलचक. सकाळी सात वाजता तो टेबलावर पालथा पडला आणि संध्याकाळ झाली तेव्हा उताणा होता, एवढंच काय ते हलणं. भूल फक्त कातडीला. त्यामुळे तो जागा होता आणि सगळं ऐकत होता. मागचे केस कमी पडणार हे ठरलेलंच होतं, म्हणून डॉक्टरांनी त्याच्या हनुवटीखालची दाढी कामाला घेतली. दाढीचा केस जाड असतो, तो पुढे लावला तर लगेच ओळखू येतो. म्हणून तो मधे, दाट दिसायला. पुढच्या ओळीसाठी कानामागचे आणि मानेजवळचे अगदी बारीक केस. "वीस वर्षं जिला रोज सकाळी खरडून काढलं," तो आता सगळ्यांना सांगतो, "ती दाढी शेवटी डोक्यावर चढून बसली."

खोलीच्या एका कोपऱ्यात भिंगाच्या यंत्राला डोळे लावून एक ताई बसली होती. काढलेलं प्रत्येक मूळ तिच्याकडे जायचं. ती ते साफ करून थंड पाण्याच्या बशीत ठेवायची. एक केसवाली एका बशीत, दोनवाली दुसऱ्या, तीनवाली तिसऱ्या. मूळ सुकलं की मेलं, दाबलं की मेलं. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, त्यामुळे तिचा चेहरा बेतानेरावला शेवटपर्यंत दिसला नाही. ती काम करताना बेसूर गुणगुणत होती, तेवढं त्याला कळलं. दुपारनंतर मूळ लावायलाही तीच आली. डॉक्टरांनी बारीक चिरा देऊन ठेवल्या होत्या, प्रत्येक चिरेचा कल वेगळा. पुढे जवळजवळ आडव्या, कानशिलाकडे खाली वळलेल्या. ताई चिमट्याने एकेक मूळ त्यात बसवत होती. मधेच थांबून म्हणाली, "डॉक्टर, हा केस वळणाचा आहे. वळण बाहेर करू की आत?"

डॉक्टर येऊन वाकून बघून म्हणाल्या, "आत. म्हणजे झोपेल."

"एका केसासाठी, काका!" बेतानेराव मला सांगताना अजूनही थांबतो. "दीड-दोन हजार केस होते. सात तास झाले होते. कुणी विचारणार नव्हतं. मला तर कळणारही नव्हतं. तरी त्या बाईने विचारलं. मी तिथे पडल्या पडल्या रडलो, आणि त्यांना वाटलं सुई टोचली."

नंतरचे दिवस बायकोचे. पहिला आठवडा तो पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपला. ती दर थोड्या वेळाने फवारा मारायची. डोकं धुवायचं ते नळाखाली नाही, तर पेल्याने, वरून हळूच धार सोडून. सुईच्या टोकाएवढ्या गोष्टींत तिची हयात गेलेली, तिला हे सांगावं लागलं नाही. दहाव्या दिवशी खपल्या निघाल्या. तिसऱ्या आठवड्यात नवे केस गळायला लागले. असं होणार हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. लावलेला केस गळतो, मूळ आत राहतं, तीन-चार महिन्यांनी त्यातून नवा केस येतो. पण ऐकणं वेगळं आणि उशीवर बघणं वेगळं. ज्याच्या दुकानातून रोज पोतंभर केस झाडून बाहेर जातात, त्याने उशीवरचे अकरा केस चिमट्याने वेचून कागदाच्या पुडीत बांधून ठेवले. बायकोने ती पुडी शोधून कचऱ्यात टाकली. "सांभाळायचं ते आत आहे," ती म्हणाली. "गप्प काम कर."

चौथ्या महिन्यात कपाळावर लव दिसायला लागली. सहाव्यात केस. आठव्या महिन्यात मी एकदा पेपरवरून मान वर केली, तर तो फणीने स्वतःचे केस बाजूला वळवत होता. चोरून, गिऱ्हाइकाकडे पाठ करून. मी पुन्हा पेपरात डोकं घातलं. वर्ष झालं तेव्हा तो कसा दिसत होता असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. चाळिशीतला माणूस दिसतो तसा. कोपरे थोडे मागे, टाळूवर जरा विरळ, कपाळावर दोन-चार केस भरकटलेले. नजर टिकावी असं तिथे काही नव्हतंच.

मग ती दुपार आली. मी बाकावर होतो. एक नवा तरुण आला, पंचविशीचा, केस पुढून चाललेले. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "पुढचे असे कापा की गेलेले दिसणार नाहीत."

बेतानेराव समजुतीच्या सुरात म्हणाला, "लपवायला गेलं की जास्त दिसतं. आखूड ठेवू, बरं दिसेल. आणि इतकं मनाला लावून घेऊ नका."

तो पोरगा आरशातून त्याच्याकडे बघत फटकन म्हणाला, "तुम्हाला काय जातंय बोलायला? तुमचे केस आहेत ना जागेवर! ज्याचे जातात त्यालाच कळतं."

 पलीकडच्या खुर्चीवरचा कारागीर फणी धरून तसाच उभा.  बेतानेराव म्हणाला, "खरं आहे." मग "एक मिनिट हं" म्हणून मागच्या पडद्याआड गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ नळ चालूच राहिला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. त्याने त्या पोराचे केस मन लावून कापले, आयुष्यात कुणाचे कापले नसतील असे. आणि मग खुर्ची आपल्याकडे वळवून त्याला सगळं सांगितलं, पायपुसणं, बाहुली, सगळं. "घाई करू नकोस," त्याला म्हणाला. "तुझे अजून किती जाणार ते ठरलेलं नाही. आत्ता पुढे लावशील आणि मागून मैदान होईल. आधी औषध काय ते विचार. या पत्त्यावर जा. त्या नाही म्हणाल्या तर त्यांचं ऐक."

पोराचा विश्वास बसेना. "दाखवा तरी," म्हणाला, आणि त्याच्या कपाळाला नाक लावून शोधत राहिला.

त्या संध्याकाळी बेतानेरावने डॉक्टरांना फोन केला. त्याला खूप काही बोलायचं होतं, पण "आज एकजण मला म्हणाला, तुमचे केस आहेत ना जागेवर," एवढंच त्याला सांगता आलं. पलीकडून डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे काम झालं." आणि थोडं थांबून, "मी हे आमच्या ताईला सांगते. तिचं कौतुक कुणी करत नाही. लोकांना वाटतं सगळं मीच करते."

ते वाक्य त्याच्या डोक्यात राहिलं. पुढच्याच आठवड्यात तो दवाखान्यात गेला आणि ताईला भेटायचंय म्हणाला. मास्क नसलेली ताई बाहेर आली. तिशी-पस्तिशीची, डोळ्यांखाली काळं, साधीशी. "मला वाटलं तुम्ही मोठ्या असाल," हा म्हणाला. "मला वाटलं तुम्ही जरा उंच असाल," ती म्हणाली. "मी तुम्हाला आडवंच बघितलंय." दोघं हसले. याने आपल्याकडून काही घ्यावं म्हणून खूप आग्रह केला. ती नको नकोच म्हणत राहिली. मग सहज बोलण्यात निघालं की तिचे वडील तीन वर्षांपासून अंथरुणावर आहेत, अर्धं अंग हलत नाही. त्यांची दाढी तीच करते. "एवढे केस हाताळते," ती म्हणाली, "पण बाबांच्या गालाला ब्लेड लावायची मला भीती वाटते. परवा हनुवटीला लागलं. ते काही बोलत नाहीत, पण मला बघवत नाही."

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, बेतानेराव पेटी घेऊन तिच्या घरी जातो. आता दोन वर्षं होत आली. एकदाही चुकला नाही, तापातसुद्धा कारागिराला पाठवलं नाही. अगदी पहिल्या गुरुवारी मला म्हणाला, "चला काका, तुमचाही फेरफटका होईल." म्हणून गेलो.

दोन खोल्यांचं घर. खिडकीपाशी पलंग. म्हातारे गृहस्थ उशीला टेकवून बसवलेले, एक हात मांडीवर निर्जीव. ताई कामावर निघायच्या गडबडीत होती. तिने टॉवेल काढून दिला, गरम पाणी आणून ठेवलं आणि दारात चपला घालता घालता थबकून बघत राहिली. बेतानेरावने आधी ऊन फडक्याने चेहरा शेकला. मग अंगठ्याने गालाची कातडी हलकेच ताणून, केसांचा कल बघत, खालून वर नाही तर त्या वळणाने ब्लेड चालवलं. मान, हनुवटी, ओठाच्या वरची अवघड जागा. म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. अर्धं तोंड वाकडं होतं तिथे त्याने गाल आतून जिभेने रेटायला सांगितलं नाही, स्वतःच दोन बोटांनी आधार दिला. कानावरचे वाढलेले केस कापले, भुवया फणीने सारख्या केल्या. शेवटी थंड पाण्याचा हात फिरवला.

म्हाताऱ्यांनी चांगला हात उचलून गालावरून फिरवला. एकदा, मग पुन्हा. जड जिभेने लेकीला विचारलं, "हे आपले कोण?"

ताई काहीतरी सांगणार होती, पण बेतानेरावच आधी बोलला. "मी यांचा पेशंट," तो म्हणाला, आणि ब्लेड पुसायला लागला.